कुलूप न लागता गेलेला मेल

तुम्ही समोर नाही म्हणूनच लिहितो आहे. समोर असता तर पुन्हा गिळलं असतं — आजवर गिळतच आलो. आईला सांगितलं नाही, अप्पांना नाही. योहानला तर नाहीच.

टायर रिमवरून उचकटायची लोखंडी पट्टी असते. ती हाडावर पडते तेव्हा आवाज मोठा येत नाही. ओली फांदी मोडल्यासारखा येतो. हे मला माहीत आहे, कारण मी पंधरा-वीस पावलांवर होतो. पण तिथून सुरुवात केली तर मी नुसता बघणारा ठरेन. मी नुसता बघणारा होतो का?

मी वेंगुर्ल्याकडचा. नववीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो. विसरवाडीला तापाने फणफणलो तेव्हा ड्रायव्हर मला हायवेवर उतरवून सुरतेकडे निघून गेला. तिथे अप्पांचा ट्रक तोलायचा वजनकाटा होता. अप्पा तापीकाठचे केळीवाले. काटा त्यांचा जोडधंदा. त्यांनी केबिनमध्ये खाट टाकली, डॉक्टर आणला. उठून बसलो तर म्हणाले, "आते कोठे जाशी भो? ऱ्हाय आठेच." राहिलो. त्या दिवसापासून त्यांच्या कपाळाला आठी पडली की मी ते म्हणतील ते करून टाकतो. अजून करतो.

काट्याच्या कॉम्प्युटरवर मी प्रोग्रामिंग शिकलो. एक छोटी भाषा आहे, जगभरातले हौशी लोक मिळून वाढवतात. भाषेबरोबर तयार हत्यारांचा एक संच येतो, तो सगळेच वापरतात. त्यात मेल पाठवायचं हत्यार होतं, पण मेल उघडा जायचा — मजकूर, पासवर्ड, सगळं. गाडीचं वजन माल घेणाऱ्या पार्टीला मेलने कळवायचा माझा प्रोग्राम त्यावरच चालायचा. आणि आमचं नेट यायचं रस्त्यापलीकडच्या वाळूवाल्या शेटच्या ऑफिसातून, तारेने. म्हणजे जाणारा प्रत्येक शब्द आधी त्याच्या राउटरच्या डब्यातून. म्हणून मी संचात कुलूप बसवलं. एन्क्रिप्टेड कनेक्शन, म्हणजे वाटेत कुणाला मेल वाचता येत नाही.

संचातले बदल तपासणाऱ्यांनी एकच विचारलं : कुलूप लागलं नाही तर काय होतं? मी लिहिलं : थांबतं, मेल जात नाही. तेव्हा ते खरं होतं. त्यांनी माझं काम घेतलं, नाव घातलं, पुढे मला थेट बदल करायची मुभाही दिली. नववी नापास माणसाला.

मग अप्पांच्या मेल सर्व्हरच्या सर्टिफिकेटची, म्हणजे ज्याच्या भरवशावर कुलूप लागतं त्या ओळखपत्राची, मुदत संपली. कुलूप लागेना, आणि मी लिहिल्याप्रमाणे मेल थांबायला लागले. पार्ट्यांचे फोन सुरू झाले. अप्पा केबिनच्या दारात उभे राहिले. "तुन्हं कुलूप ऱ्हाऊ दे बाजूले. पार्टीले मेल गया का नई, इतलंच सांग." सर्टिफिकेट नवं करून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. आठी पडली होती ना.

त्या दुपारी मी संचात दोन ओळी घातल्या : कुलूप लागलं नाही तर उघडाच पाठव, आणि कुणाला सांगू नकोस. माझ्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर भागलं असतं. पण पुढची आवृत्ती आली की ते पुसलं जाणार, पुन्हा अप्पा दारात. म्हणून सगळ्या जगासाठीच कुलूप ढिलं केलं. बदलाच्या नोंदीत लिहिलं — किरकोळ दुरुस्ती.

योहानचं पंक्चरचं दुकान काट्याला लागून. नवापूरकडच्या डोंगरातला, घरी तिथल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारा. माझ्याशी जपून मराठी बोलायचा. "कोकणातला तू, आणि कोकणी मला येते. तुझ्या गावाने तुला फसवलं रे," असं म्हणून हसायचा. शेटच्या एका हद्दीबाहेर वाळू भरलेल्या गाडीचा टायर घाटात फुटला, गाडी कलंडली, आणि योहानचा धाकटा भाऊ तिच्याखाली गेला. फावड्याने गोळा करावा लागला. काट्याबाहेर वजनाचे लाल आकडे दिसतात. योहान तिथे उभा राहून शेटच्या गाड्यांचे नंबर आणि आकडे मोबाईलवर टिपायला लागला. मग माझ्याकडे आला. जादा वजनाची तक्रार म्हणून आरटीओला पाठवायचे होते.

मेलचा मजकूर मी लिहिला. पाठवलाही मीच, अप्पांच्याच सर्व्हरवरून; सर्टिफिकेट अजून जुनंच होतं. पाठवणारा म्हणून आणि खाली, दोन्हीकडे नाव त्याचं. त्याने विचारलं, "शेटच्या तारेतून जाईल ना हे?"

"कुलूप आहे. मी स्वतः बनवलंय," मी म्हणालो.

तो माझ्याकडे कसा बघत होता, ते बघायला हवं होतं तुम्ही. त्या नजरेपुढे — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. मला ठाऊक होतं. बटण दाबताना त्या दोन ओळी डोळ्यांपुढे होत्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चौघे आले. एकाच्या हातात मोबाईल होता, तो मोठ्याने वाचायला लागला : "'माननीय महोदय.' कोन शिकाडं रे तुले इतलं शुद्ध?" बाकीचे हसले. योहानने माझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं. मग मान फिरवली आणि म्हणाला, "मीच लिहिलं." त्यांनी त्याचा उजवा हात रिमवर धरला. आधी पट्टी, मग घण. बोटं चपटी झाली, मनगटातून पांढरं बाहेर आलं. तो गुरासारखा ओरडत होता. पंक्चर बघायच्या टबात त्यांनी त्याचं तोंड बुडवलं, पाण्यात लाल बुडबुडे आले. तेवढ्यात एक गाडी काट्यावर चढली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मी वजन घेतलं.

हो. आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो, बटण दाबलं, चिठ्ठी काढून खिडकीतून दिली.

दवाखान्यात त्याच्या हाताच्या जागी पांढरं गाठोडं होतं. मला म्हणाला, "तुझ्या कुलपामुळे मेल तुझ्याकडून गेला हे कळलं नाही, तुझं नाव तरी वाचलं." मी त्याला पाणी पाजलं. त्याच्या घरच्यांना वाटलं, आरटीओतल्या क्लार्कने मेल विकला. विकला नव्हता. शेटच्या माणसाने तो तारेतून उचलला होता. मी सोडून कुणाला ते कळणार नव्हतं. मी एक शब्द बोललो असतो तर? योहानच्या मेहुण्याने त्या क्लार्कला चहाच्या टपरीवर गाठलं आणि जॅकच्या दांड्याने त्याचा जबडा फोडला. दात रस्त्यावर सांडले. मेहुणा तुरुंगात गेला. मी केबिनमध्येच होतो.

त्या आठवड्यात मी दोन्ही ओळी काढल्या. नोंदीत पुन्हा तेच — किरकोळ दुरुस्ती. सातासमुद्रापलीकडून कुणीतरी आभार मानले.

आता कुलूप लागलं नाही तर मेल थांबतो. योहान डाव्या हाताने टायर उचकटतो. रिम घट्ट असली की मला हाक मारतो. मी जातो, पट्टीचं दुसरं टोक धरतो. काल तो क्लार्क गाडीची हवा बघायला थांबला होता. जबडा नीट मिटत नाही त्याचा, बोलताना लाळ गळते. योहानने त्याच्याकडे बघून माझ्या पायाशी थुंकी टाकली आणि मला म्हणाला, "हाच तो, मेल विकणारा."

मी पट्टी धरून उभा होतो.