पातेल्याला मी लावलेली कल्हई

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर बर्मिंगहॅमला आली ती पितळी पातेलं घेऊनच. आमटी त्यातच करायची. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. पातेल्याची कल्हई उडाली होती आणि इथे कल्हईवाला कुठून आणणार? मी इंजिनिअर. शेडमध्ये आधीच्या घरमालकाचं पाइप जोडायच्या सोल्डरच्या तारेचं भेंडोळं पडलं होतं. पातेलं तापवलं, सोल्डर आतून वितळवून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं. छान चकाकलं.

"तुला इंजिनिअर केल्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला," आई म्हणाली.

दोन वर्षांची मुलगी रोज चिंचेची आमटी आणि भात खायची. तीन महिन्यांनी तिचं पोट दुखायला लागलं, जेवेना. रक्तात शिसं निघालं. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाई घर तपासायला येणार असं पत्र आलं, सोबत माहितीपत्रक. जुना रंग, जुने पाइप, आणि खाली एक ओळ: जुनं सोल्डर. शेडमध्ये जाऊन लेबल वाचलं. अर्धं कथील, अर्धं शिसं.

बाई यायच्या आत पातेलं कचरा डेपोवर नेऊन टाकलं. आईला सांगितलं, तळ गेला होता.

बाईंनी आईचा गोडा मसाला, हळद, कुंकू, काजळाची डबी पिशव्यांत भरली. दुभाषा मीच. स्वयंपाक कशात करता, असं त्यांनी विचारलं. "स्टीलच्या भांड्यांत," मी म्हणालो. आईपर्यंत प्रश्न पोचवलाच नाही.

कशातच काही सापडलं नाही. तरी बायको म्हणाली, "आई, रागावू नका, पण तुमच्या डब्यांतलं नकोच तिला." आई रागावली नाही. सगळे डबे तिनं स्वतः कचऱ्याच्या बिनमध्ये रिकामे केले. नातीला भरवणंही सोडलं आणि व्हिसा शिल्लक असताना परत गेली.

मुलीचं शिसं उतरत गेलं. दर रिपोर्टनंतर मी फोन करायचो.

"बघ," आई म्हणायची, "मी निघाले आणि उतरलं."

पुढे कितीदा बोलावलं. "नको रे. पोरगी बरी आहे ना, राहू दे." दर वेळी मी सांगणारच होतो. दर वेळी विचारलं, तिकडे उकाडा फार आहे का.

आई गेली. बायकोला पातेल्याचं मी गेल्या रविवारी सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"डब्यांतलं नको असं मी म्हणाले होते त्यांना," ती म्हणाली. "तू तिथेच उभा होतास."