मिस पेंगेलीची डावखुरी विद्यार्थिनी

ग्लेनिस ट्रेम्बाथने शिक्षिकेची परीक्षा आयुष्यात कधी दिली नव्हती. सव्वीस वर्षं तिने ऑस्ट्रेलियातल्या वॉटल क्रीक गावाच्या शाळेत उपाहारगृहाच्या खिडकीतून पोरांना सॉसेज रोल विकले होते. पण गेली एकोणीस वर्षं सगळा जिल्हा तिला मिस पेंगेली म्हणून ओळखत होता आणि ती दिसली की पाठीचा कणा ताठ करत होता.

गावाबाहेर जुन्या सोनखाणींपाशी १८५६ सालचं एक अख्खं गाव उभं केलेलं होतं. बेकरी, लोहार, तंबू, शाळा, सगळं. शाळांच्या सहली यायच्या. पोरं तिथले झगे आणि बंड्या चढवून दिवसभर त्या काळात राहायची आणि शाळेत मिस पेंगेलीच्या, म्हणजे शिक्षिका बनलेल्या ग्लेनिसच्या, तावडीत सापडायची. पाटी, लेखणी, टेबलावर नुसतीच ठेवलेली छडी. ग्लेनिसचा नियम एकच होता: कपडे अंगावर असेपर्यंत १८५६ नंतरचं काही माहीत नाही. वरून विमान गेलं, तर ते मोठं बदक. एकदा वर्गात एका बाईला चक्कर आली, तेव्हा "घोड्यावरून डॉक्टरला आणा!" असं ओरडत ग्लेनिसने परकराच्या आतल्या खिशातलं वायरलेसचं बटण दाबलं होतं. घरी जाताना पोलिसांनी गाडी अडवून दारू तपासायच्या नळीत फुंकायला सांगितलं, तर फितीच्या टोपड्यातून तिने विचारलं, "हे कसलं यंत्र, हवालदार?" हवालदाराने तिच्या नवऱ्याला, मर्वला, फोन लावला. बाई ठीक आहेत ना?

"एकोणीस वर्षांपूर्वी होती," मर्व म्हणाला.

मिस पेंगेलीचा सगळ्यात गाजलेला प्रसंग डाव्या हाताचा होता. त्या काळी डाव्या हाताने लिहू देत नसत. डावखुरं पोर दिसलं, की मिस पेंगेली टाच आपटून उभी राहायची. "दुसरा हात!" मग पोर उजव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं काढायचं आणि वर्ग खिदळायचा. हा प्रसंग ग्लेनिस इतका हुबेहूब करायची, कारण तो तिला कुठल्या पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. तिसरीत असताना तिच्या खऱ्याखुऱ्या बाईंनी तिचा डावा हात केसांच्या रिबनने खुर्चीला बांधला होता. बटाटे ती अजून डाव्या हाताने सोलायची. लिहायची मात्र उजव्याने. हे फक्त मर्वला माहीत होतं.

ऑगस्टमधल्या, तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका रविवारी तिची मुलगी लीॲन चहाला आली आणि कोटसुद्धा न काढता बसली.

"मम, गुरुवारी आमच्या टिलीचा वर्ग येतोय तुझ्याकडे."

"माहितीये. मी झगा इस्त्रीला काढलाय."

"ती जायला नको म्हणतेय. तिच्या मोठ्या भावाने काहीबाही सांगितलंय. रात्री दोनदा उठली. पोट दुखतंय म्हणते."

"अगं, मी काय राक्षसीण आहे?"

"तू नाहीस. ती पेंगेली आहे." लीॲनने कप फिरवला. "टिली डावखुरी आहे, मम. तिला सगळ्यांसमोर उभं केलंस आणि ती रडत घरी आली, तर शनिवारचं तुमचं बंद. मी हे गमतीत बोलत नाहीये."

शनिवार म्हणजे टिलीची नॅनकडे, आजी ग्लेनिसकडे, झोपायला यायची रात्र. पिकलेट्सचं, म्हणजे छोट्या गोड धिरड्यांचं पीठ, पॉपच्या, आजोबा मर्वच्या, मांडीवरचं मांजर आणि अंथरुणात खाणीवाल्यांच्या गोष्टी. लीॲन गेल्यावर ग्लेनिसने तीन बटाटे जरुरीपेक्षा बरेच खोल सोलले.

"एक दिवस नियम मोडलास तर आकाश कोसळेल का?" मर्वने विचारलं.

"तू गप्प बस. हवालदाराला काय सांगितलंस ते मी विसरले नाहीये."

बुधवारी रात्री मात्र तिने ठरवलं, की हाताचा प्रसंग गाळायचा. टिलीकडे बघायचंच नाही.

गुरुवारी गवतावर दंव पडलं होतं. सव्वीस पोरं झग्यांवर पांढरे एप्रन आणि बंड्या घालून आत आली. टिली तिसऱ्या बाकावर बसली. टोपड्यात तिचा चेहरा वाटाण्याएवढा दिसत होता. ग्लेनिसने लोकरीच्या दरांवर गणितं घातली, राणीचं नाव पाठ करून घेतलं आणि हाताचा विषय टाळला. तास संपत आला, तेव्हा मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या सरांनी हात वर केला.

"मिस पेंगेली, हाताची शिस्त राहिली वाटतं. मुलांना त्यावर निबंध लिहायचाय."

त्याच क्षणी पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत पोरगी वळून म्हणाली, "मिस, ही बघा! ही डाव्या हाताने लिहितेय!"

सगळा वर्ग टिलीकडे बघायला लागला. टिलीची लेखणी थांबली. ग्लेनिसला वाटलं, आता टोपडं काढावं, राहू दे गं सोन्या म्हणावं आणि सगळ्यांना बेकरीत न्यावं. पण एकोणीस वर्षांची सवय अशी, की तिच्या आधी तिची टाच आपटली.

"दुसरा हात!"

तिचा तिलाच राग आला. टिली हळूच उभी राहिली.

"येत नाही, मिस."

"का येत नाही?"

"माझा उजवा हात मोडलाय. बाबांच्या सोनं धुवायच्या पाळण्यात अडकला."

हा पाळणा, खाणीवाल्यांची माती धुवायची हलती पेटी, ग्लेनिसच्याच शनिवारच्या गोष्टीतला होता.

"डॉक्टरांना दाखवलास?"

"डॉक्टर दारू पिऊन पडलेत, मिस. सोमवारपासून."

सरांना खोकला आला. मिस पेंगेलीने खिडकीबाहेर बघितलं. चेहरा सरळ ठेवायला तिला तेवढा वेळ हवा होता.

"मग बरा होईपर्यंत डाव्यानेच लिही. किती दिवस लागतील?"

"खूप, मिस. आम्ही फार गरीब आहोत."

त्यानंतर वर्ग हाताबाहेर गेला. एकाच्या हाताला साप चावला होता, एकाचा घोड्याने तुडवला होता आणि त्या चुणचुणीत पोरीचे तर दोन्ही हात टायफॉइडने गेले होते. सगळे डाव्या हाताने लिहायला लागले. पाट्यांवर अशी अक्षरं उमटली, की खुद्द राणीलाही तिचं नाव वाचता आलं नसतं. मिस पेंगेलीने छडी उचलली, परत ठेवली आणि घंटा पाच मिनिटं लवकर वाजवली.

पोरं कपडे बदलायच्या खोलीकडे धावली. टिली मागे रेंगाळली होती. ग्लेनिसने इकडेतिकडे बघितलं, हनुवटीखालची फीत सोडली आणि टोपडं काढून हातात धरलं.

"टिली, शनिवारी येणार ना?"

टिलीने गुडघे वाकवून मुजरा केला. "शनिवारी आम्ही सोनं धुतो, मिस."

"अगं, मी आहे. नॅन."

"माझी नॅन तिकडे इंग्लंडात, कॉर्नवॉलला राहिली, मिस. बोटीने चार महिने लागतात."

आणि ती कपडे बदलायच्या खोलीत गेली. ग्लेनिस थंडीत तशीच उघड्या डोक्याने उभी राहिली. लीॲनला काय सांगायचं, चार महिने म्हणजे खरंच किती शनिवार, हे तिच्या डोक्यात भिरभिरत होतं. दार उघडलं. जांभळं जॅकेट घातलेली टिली, चेन गळ्यापर्यंत ओढत, थेट तिच्या कमरेवर येऊन आदळली.

"नॅन! तू टोपडं काढलंस! झगा अंगावर असताना!"

"हळू बोल."

"नियम मोडलास. मी बघितलं." टिलीचे डोळे चमकत होते. "शनिवारी आल्या आल्या मी पॉपला सांगणार."