काळे केलेले दात

दातांच्या कॉलेजात फोटो काढणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे फोटोकाका म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी लग्नाचे फोटो सजवण्यात घालवली होती. कुणाच्या पुटकुळ्या पुसल्या, कुणाचे पिवळे दात पांढरे केले, एका नवरदेवाला तर पडलेला दात परत मिळवून दिला. म्हणूनच मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एका हसऱ्या मुलीचा फोटो हातात देऊन "काका, हिचे पुढचे दात किडलेले दाखवा," असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या अगदी जिवावर आलं.

घरी बायकोने काही सोडलं नाही. "जन्मभर लोकांचे दात चमकवलेत आणि आता पोरीच्या तोंडाला काळं फासताय?"

"अगं, अभ्यासासाठी आहे ते."

"मग तिला सांगा. मला कशाला सांगताय?"

अभ्यास साधा होता. वर्गातल्या अर्ध्या मुलांना मूळ फोटो द्यायचा, अर्ध्यांना काळ्या दातांचा, आणि सगळ्यांना एकच विचारायचं, ही मुलगी तुम्हाला कशी वाटते? नुसत्या दातांवरून मुलं एकमेकांबद्दल काय ठरवून टाकतात हे दाखवता आलं, तर 'पोरांच्या दातांचं काय एवढं' म्हणणारे वरिष्ठ गप्प बसतील आणि मुलांच्या मोफत उपचारांना जागा मिळेल, अशी डॉक्टरीणबाईंची आशा होती. मुलीच्या आईने परवानगी दिली ती एका अटीवर. लेकीच्या शाळेत हा फोटो जाता कामा नये.

शेवटची शाळा उरली होती आणि नेमकी त्याच दिवशी तिथली पाण्याची टाकी फुटली. डॉक्टरीणबाईंनी फोनाफोनी करून दुसरी शाळा मिळवली. ती त्या मुलीची शाळा नाही, हेही पाहून घेतलं.

चौथीचा वर्ग होता. काका मागच्या बाकापासून एकेक फोटो पालथा ठेवत पुढे येत होते.

"मी सांगेपर्यंत कुणी बघायचा नाही हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि बघितला तर?" मागून आवाज आला.

"तर तुझी दाढ काढून घरी शोभेला ठेवीन."

वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली मुलगीही हसली, आणि काकांचा हात जागच्या जागी थबकला. पुढच्या दोन दातांतला डावा किंचित आत वळलेला. हसताना खालचा ओठ एका बाजूने जरा आधी उतरणारा. हे हसू त्यांनी कितीतरी दिवस पडद्यावर मोठं करून पाहिलं होतं. मुलीला मात्र ते आज पहिल्यांदाच पाहत होते.

ते डॉक्टरीणबाईंजवळ गेले. "बाई, फोटोतली मुलगी इथंच बसलीय."

"काहीतरीच काय काका. हिला चष्मा आहे, आणि तिची शाळा गावाच्या त्या टोकाला."

"चष्मा मागाहून लागला असेल. दात तेच आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दारातल्या वर्गशिक्षिकेला हळूच विचारलं. "हो, यंदाच आलीय," त्या म्हणाल्या. "घर बदललं त्यांनी. का हो?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. आता थांबलं तर अभ्यास अर्धवट राहणार, आणि अहवालाची मुदत तर डोक्यावर आलेली. काकांना वाटलं, आता म्हणतील, तिला तेवढी बाहेर बसवा.

"गोळा करा," त्या पुटपुटल्या. "पण सावकाश. तुम्ही घाई केलीत की पोरं उलटून बघतील." मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा भला मोठा जबडा काढला आणि तो खटखट वाजवत मुलांशी बोलायला लागल्या. सगळ्या माना तिकडे वळल्या.

काका रांगेरांगेने फोटो उचलत आले. दुसऱ्या बाकावर चष्मेवालीने आपला फोटो स्वतःच पुढे केला, पालथाच. तिच्या शेजारणीचा फोटो मात्र दप्तराखाली होता. तिने तो काढून दिला आणि काकांकडे असं पाहिलं की तिने तो बघितलाय हे त्यांना कळलं.

तास संपल्यावर ती शेजारीण एकटीच त्यांच्यामागे व्हरांड्यात आली. "मी तिला सांगू का?"

"तू नको. मीच सांगतो. ते दात मी काळे केलेत."

डॉक्टरीणबाईंनी आधी आईला फोन लावला. आई बराच वेळ बोलत होती आणि त्या नुसतं "हो, चुकलंच" म्हणत होत्या. शेवटी आई म्हणाली, लपवू नका, माझ्या मुलीला खरं सांगा.

मुलगी आली, बरोबर शेजारीणही. काकांनी मूळ फोटो दाखवला, मग दुसरा. तो तिने जवळ धरून पाहिला आणि मिटल्या ओठांआड दातांवरून जीभ फिरवली.

"हे खोटे आहेत बाळा. रंगवलेले."

"वर्गात कुणी बघितला?"

"मी एकटीने," शेजारीण म्हणाली. "बोलले नाही कुणाला."

चष्मेवालीने मान डोलावली आणि फोटो परत दिला. काका माफी मागत होते, ते तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. दोघी वर्गाकडे निघाल्या. वाटेत शेजारीण तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. ती हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात धरला.

काका व्हरांड्यातच उभे राहिले, तो हात खाली येतो का ते बघत.