आमची माणसं मोजत का नाही?

ताई गेली अकरा वर्षं परदेशातल्या एका रेडिओ केंद्रात मायदेशाच्या बातम्या आपल्या भाषेत वाचत होती. ऑफिसात सगळेच तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

त्या सकाळी ती डबा कपाटात ठेवत होती, तोच पडद्यावर ओळ उमटली. भूकंप. आणि गाव तिचंच. तिने भावाला फोन लावला. लागेना. शेजारच्या काकूंना लावला. तोही लागेना. मग ती बातमी लिहायला बसली. दहाचं बातमीपत्र कुणासाठी थांबणार होतं?

दहाला मृतांचा आकडा बारा होता. बाराला एकोणीस. दोनला चाळीस, आणि तिथंच तो अडकला. दर वेळी ती वाचून बाहेर येई आणि पुन्हा फोन फिरवी.

"ताई, घरी जा. मी बघतो," साहेब म्हणाले.

"घरी जाऊन भिंतींकडे बघत बसू? इथं निदान हाताला काम आहे."

तीनचं वाचून झालं आणि फोन वाजला. भाऊच होता. "सगळे धड आहोत. घर गेलं. आई इथंच बसलीय, शाळेच्या मैदानात."

ती जिन्यावर बसली. आता रडावं, एवढ्यात त्याचा आवाज चढला.

"ताई, अख्खं मैदान रेडिओवर तुला ऐकतंय. चाळीस काय म्हणतेस? एकट्या कापडगिरणीतच किती गेलीत! लोक मला विचारतात, तुझी बहीण आमची माणसं मोजत का नाही?"

"सरकारी आकडाच येतो रे आमच्याकडे."

"मग सरकारलाच फोन लावत बस!"

तिने पेन काढलं. "तू स्वतः पाहिलंस? की ऐकलंस?" विचारलं आणि जीभ चावली.

तो म्हणाला, "उचललेत, ताई. एकाहत्तर. चादरी संपल्या, शेवटच्यांवर गिरणीतलंच कापड घातलं."

ती लिहीत होती. हात थरथरला नाही, याचीच तिला लाज वाटली.

साहेबांनी कागद वाचला. "सांगितलं कुणी?"

"सख्ख्या भावाने."

"आणखी कुणी?"

तिने पुन्हा फोन लावला आणि भावाला गिरणीच्या दवाखान्यातल्या नर्सला बोलवायला सांगितलं. नर्सच्या वहीतही एकाहत्तरच होते. चारला ताईने दोन्ही आकडे वाचले, आधी सरकारी, मग दवाखान्याचा. दुसऱ्याला तिचा आवाज चिरकला. माफी मागून तिने वाक्य पुन्हा वाचलं.

पाचला सुटली. बसमध्ये डोळा लागला आणि तिचा थांबा मागे गेला. भावाच्या फोननेच ती जागी झाली.

"ऐकलं आम्ही," तो म्हणाला. आता आवाज उतरला होता. "आई म्हणते, घसा बसलाय तुझा. गरम पाण्याच्या गुळण्या कर."

"करते म्हणावं."

ती उतरली आणि दोन थांबे परत चालत निघाली. तिकडे ढिगारे उपसणं चालूच होतं, आणि उद्या सकाळी सातचं बातमीपत्र तिचंच होतं.