मोठ्या डॉक्टरांचा डॅशबोर्ड

दर महिन्याच्या बैठकीआधी आमचे व्यवस्थापक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि तमिळमध्ये एकच गोष्ट सांगायचे, तेवढा लाल रंग काढा. मी काढायची नाही. मग ते स्वतःच काढायचे. लालाचा पिवळा व्हायचा, आणि पिवळ्याकडे कोण बघतं?

तंजावरच्या एका खासगी रुग्णालयात संगणकांची सुरक्षा सांभाळणं हे माझं काम. कुठलं यंत्र जुनं झालंय, कुठून चोर शिरू शकतो, काय बंद पडलं तर कुणाचा जीव टांगणीला लागेल, हे एका पडद्यावर असं मांडायचं की वरच्या माणसांना बघताक्षणी कळावं. त्याला डॅशबोर्ड म्हणतात; जिथे धोका तिथे लाल. आमच्याकडे वाईट बातमी आधी राहूकाळ टळायची वाट बघते, मग कॉफीची. मोठे डॉक्टर, म्हणजे रुग्णालयाचे संस्थापक, ऐंशीच्या घरातले. त्यांच्यासमोर अभद्र बोलायचं नाही, हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण शिपायापासून सगळे पाळायचे. आमच्या घरी तरी काय वेगळं? राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी माझी आई अजून तांदूळ संपले असं म्हणत नाही. पण तांदळाचं ठीक आहे हो. रक्तपेढीचं काय?

रक्तपेढीतला संगणक इतका जुना झाला होता की त्याला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणंच बंद झालं होतं. कुणाचा गट कुठला, कुठली पिशवी तपासलेली, सगळं त्याच्या पोटात. ओरत्तनाडूकडून बसनं येणाऱ्या बाळंतिणी त्याच्या भरवशावर. तो बदलायचा तर एक रविवार रक्तपेढी बंद ठेवायला हवी होती, आणि ती परवानगी फक्त मोठे डॉक्टर देऊ शकत होते.

मला वाटायचं, घोडं माझ्या मांडणीत अडलंय. म्हणून आलेख कमी केले, अक्षरं मोठी केली, इंग्रजी सोपं केलं. डॉक्टर मान डोलवायचे, छान म्हणायचे, आणि पुढचा विषय. पालथ्या घड्यावर पाणी. इतकी शिणले होते मी की संध्याकाळी मोपेड सुरू करायचाही कंटाळा यायचा.

मग एका दुपारी तो संगणक अडकला. वर शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बाई होती, आणि खाली रक्तपेढीतली माणसं हातानं तपासण्या करून पिशवी शोधत होती. बाई वाचली. संगणक पुन्हा सुरू झाला, आणि सगळे काही घडलंच नाही असे कामाला लागले. माझं मात्र डोकं फिरलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?

त्या महिन्यात मी आलेख काढलाच नाही. एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हा संगणक बंद पडला तर रक्त मिळायला उशीर होईल आणि माणूस जाऊ शकतो. बदलायला एक रविवार लागेल. खाली दोन चौकटी, हो आणि नाही. व्यवस्थापकांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.

बैठकीत डॉक्टरांनी ते पान हातात घेतलं. वाचायला फार वेळ लागला नाही. मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही दोघंच उरलो की ते आम्हा तंजावरच्या मराठी माणसांच्या घरातलं मराठी बोलायचे, तमिळच्या हेलात.

"हे आधीच्या आलेखांत होतं?"

"होतं. पिवळ्या रंगात."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "लाल दाखवू नका, हे त्या माणसाला मीच सांगून ठेवलं होतं."

इतके दिवस मी त्या बिचाऱ्या व्यवस्थापकाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

"काय म्हणून, ऐया?" मी विचारलं.

"लाल दिसलं की ठरवावं लागतं, पोरी. रविवारी बंद ठेवलं आणि नेमकी त्याच दिवशी कुणी बाई दगावली, तर? पूर्वी असं मनात यायचं नाही. आता रोज येतं."

त्यांनी पेन मागितलं. 'हो'च्या चौकटीत खूण केली. रविवार त्यांनीच सांगितला, येणारा. शेजारच्या रक्तपेढीला आपण स्वतः फोन करू म्हणाले. मला हेच हवं होतं, आणि तरी मला रडू येत होतं.

पान माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "तू चांगलं लिहिलंस. आता विश्वस्तांना सांग, माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसवा. मी सांगितलं तर ते ऐकायचे नाहीत, तुम्हीच राहा म्हणतील. त्यांनाही असंच एक पान लिहून दे."

मी ते लिहायला बसले, आणि पहिली ओळ काही केल्या लिहवेना.