तोरणमाळच्या उतारावर गेलेला आणि परत आलेला ब्रेक

गाडी चांगली होती, पण आमच्याआधी ती कुणाच्या हातात होती, कशी चालवली गेली होती, हे मला कधीच कळलं नाही. जुन्या गाडीचं असंच असतं. इंजिनाचा आवाज कानांना कळतो, टायर डोळ्यांना दिसतात. ब्रेकचं मात्र पाय दाबल्याशिवाय काही समजत नाही. म्हणून घेतल्या घेतल्या मी शहाद्याच्या मिस्त्रींकडून पुढचे पॅड आणि मागचे लायनर नवे बसवून घेतले होते. तरी मनात कुठेतरी शंका उरलीच. खरं सांगायचं तर देवाच्या बाबतीतही माझं तेच होतं. नमस्कार करायचे, पण हात जोडताना मनात विचार यायचा, की पलीकडे कुणी ऐकत असेल का?

माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं. तोरणमाळला जाऊन गोरक्षनाथांना स्वच्छ नजरेनं पाहायचं. तापीकाठच्या आमच्या गावाहून आम्ही दोघीच निघालो. दर्शन झालं, तलाव पाहून झाला, आणि दुपारी आम्ही घाट उतरायला लागलो. आई, सासूबाईंना मी आईच म्हणते, प्रत्येक झाड नव्यानं पाहत होत्या. खालच्या एका वळणावर, जिथून सगळी दरी दिसते, तिथे थांबायचं आमचं ठरलं होतं. गाडी मी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली होती, तरी वळणं इतकी जवळजवळ होती, की पाय सारखा ब्रेकवर जात होता. काहीतरी करपल्यासारखा वास यायला लागला. कुठे गवत जळत असेल, असं मला वाटलं.

एका वळणानंतर रस्ता थोडा सपाट झाला. तिथे एक म्हातारा पावरा आदिवासी गृहस्थ गाठोडं घेऊन उभा होता. त्यानं हात वर केला. आम्हाला उशीर होत होता, मी पुढे निघणार, तोच आई म्हणाल्या, "थांब वं, बाबा हात करी ऱ्हायना. घाई कसानी शे?"

मी थांबले. "म्हसावदला जायचं. लेकीकडे," बाबा म्हणाले. त्यांनी गाठोडं मागे ठेवलं, सावकाश बसले, दार ओढून घेतलं. हँडब्रेक सोडण्याआधी मी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला आणि तो सरळ खाली गेला. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी, तसा. पुन्हा दाबला. पायाखाली काहीच नव्हतं.

हँडब्रेक घट्ट ओढून मी म्हटलं, "आई, खाली उतरा. बाबा, तुम्हीपण." माझा आवाज मलाच परका वाटला. बाबा लगेच उतरले. दोन मोठे दगड आणून चाकांपुढे लावले आणि आईंना हात धरून सावलीत बसवलं. ते पावरीत बोलत होते, आई अहिराणीत, आणि दोघांचं कसं कोण जाणे, छान चाललं होतं. मी मात्र रस्त्याच्या कडेनं पुढच्या उताराकडे बघत उभी होते. ज्या वळणावर आम्ही थांबणार होतो, ते तिथून दिसत होतं. तिथे रस्ता सपाट नव्हता.

बऱ्याच वेळानं मी पुन्हा गाडीत बसून ब्रेक दाबून पाहिला, तर तो परत आला होता! अगदी कडक, जणू काही झालंच नव्हतं. त्याची मला जास्त भीती वाटली. तेवढ्यात वरून एक पिकअप आली. चालक बाबांच्या ओळखीचा निघाला. मी गाडीला कुलूप लावलं, तिच्याकडे पाठ केली आणि आम्हा तिघांना घेऊन पिकअप निघाली. किल्ली मुठीत धरून बसले होते, पण आता माझ्या हातात काहीच नाही, हे कळल्यावर आतून एकदम हलकं वाटलं. म्हसावदला बाबा उतरले. आईंनी प्रसादातला अर्धा नारळ त्यांच्या हातात ठेवला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी आणली आणि मी त्यांना प्रश्नांनी हैराण केलं. पॅड नवे, मग असं का? त्यांनी आतलं ब्रेक ऑइल काढून दाखवलं, काढ्यासारखं काळं. आधीच्या मालकानं ते कधी बदललं नसावं आणि पॅड बदलताना मिस्त्रींच्या किंवा माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. जुनं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, चाकं तापली की त्याला उकळी फुटते, नळीत वाफ होते आणि पाय वाफेवर पडतो. निवलं की परत ठीक.

"मग आम्ही थांबलो नसतो तर?" मी विचारलं.

त्यांनी फडक्याला हात पुसले. "ताई, थांबल्यावर वारा लागत नाही, उष्णता आत चढते. कदाचित थांबल्यामुळेच उकळी आली असंल. कदाचित पुढच्या वळणावर चालत्या गाडीत आली असती. कसं सांगू?"

मलाही सांगता येत नाही. नवं ऑइल, नव्या नळ्या, पुढे चांगल्या प्रतीच्या डिस्क, सगळं करून घेतलं. ऑइल आता वेळच्या वेळी बदलते. शरण जाणं म्हणजे पाय ब्रेकवरून काढून घेणं नव्हे, एवढं मला समजलं. आपलं सगळं करून झाल्यावरही जे आपल्या पायाच्या टप्प्यात नसतं, ते कृतज्ञतेनं दुसऱ्याच्या हाती देणं, एवढंच ते आहे. आता हात जोडते तेव्हा पलीकडे कोण, याचं कुतूहल तसंच आहे, शंका मात्र गोड झाली आहे.

एकदा न राहवून आईंना विचारलं, "ते बाबा म्हणजे नाथच होते, असं वाटतं का हो तुम्हाला?"

आई गव्हातले खडे वेचत होत्या, नव्या डोळ्यांनी, बारीक बारीक. मान वर न करता म्हणाल्या, "त्याले जागा पाह्यजे व्हती, आपण दिन्ही. तो कोन व्हता, हाई मी कसाले पुसू?"