हौदातलं जहाज

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. तुळशीराम टँकरच्या पाठीवर उभा राहून जाड रबरी पाइप टाकीच्या झाकणात धरून आहे. पाणी काठावरून सांडायला लागलं तेव्हाच त्याने खाली हाक दिली, "बंद कर!"

वरवट बकालचा हा पट्टा खारपाण्याचा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून उन्हाळ्यात गावोगाव गोडं पाणी पोचवावं लागतं. दहा हजार लिटरची टाकी, दिवसाला तीन खेपा. तुळशीराम छप्पन्न वर्षांचा आहे आणि सव्वीस वर्षांपासून हेच करतो. त्याचा एक नियम आहे : टाकी काठोकाठ भरायची आणि रिकामी करायची ती एकाच ठिकाणी.

पहिल्या गावात पाणीवाटप पाहणारा कडूबा विहिरीपाशी वाट पाहत होता. तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "अर्धं इथं टाक, अर्धं वस्तीवर ने. काय बिघडते तुहं?"

"पलटी होते."

"पान्यानं कुठं गाडी पलटी होते का बे? पेऊन आला काय?"

"पेऊन आलो असतो तं नेला असता अर्धा टँकर."

अकरा वर्षांपूर्वी त्याने तो नेला होता. संग्रामपूरच्या अलीकडे उजव्या वळणावर आतलं पाणी डाव्या अंगाला धावलं आणि उजवी चाकं क्षणभर रस्त्यावरून सुटली. गाडी परत चाकांवर आली. भरलेल्या टाकीत पाण्याला धावायला जागा नसते, रिकाम्या टाकीत धावायला पाणी नसतं. घात करते ती अर्धी, हे त्याला त्या वळणाने शिकवलं.

तिसरी खेप संपवून तो चार वाजता घरी आला आणि चहा न घेताच म्हशीच्या हौदाकडे गेला. हौदात एक जहाज होतं. तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून त्याचा तळ केलेला, मधोमध कळकाची काठी, काठीला युरियाच्या गोणीचं शीड. कूलर ओढून हौदाच्या कडेला मांडलेला.

"म्हशीनं पानी कुठं पेवाव?" त्याच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, ओट्यावरून विचारलं. "तुमच्या बंदरावर?"

"बादलीनं पाज आजच्या दिवस."

"आठ दिवसांपासून आजच्याच दिवस चालू हाये."

जहाज आलं होतं ते सुचितामुळे. त्यांची ही एकुलती मुलगी चोवीस वर्षांची आहे, नौदलात आहे, कोचीला असते. तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर सात महिन्यांच्या सफरीसाठी तिची निवड झाली आहे. लेखी होकार सोमवारी सकाळी द्यायचा आणि आज रविवार. तिने बारा दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं, "बाबा, तुमी हाव म्हना, मंग कागद देतो." तुळशीराम हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता. त्याने समुद्र पाहिलेला नाही. तिच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या परेडला जायचं ठरलं होतं, पण टँकरला बदली ड्रायव्हर मिळाला नाही. नंतर मोबाइलवर त्याने एक शिडाचं जहाज वाऱ्यात आडवं पडताना पाहिलं. एवढं कापड वर, वारा लागणार तोही वरच. मग ते उभं राहतं कशाच्या जोरावर, हे त्याला कळेना.

डबा रिकामा होता तेव्हा कूलर लावताक्षणी आडवा झाला. तळाला गोटे टाकले तर उभा राहिला, पण वारा वाढवला की सगळे गोटे एका बाजूला घरंगळत आणि जहाज त्याच बाजूला बुडे. काल त्याने गोटे सिमेंटने तळाला जाम केले. आज जहाज झुकलं, थरथरलं, पुन्हा सरळ झालं. त्याने तीनदा करून पाहिलं. मग त्याच डब्यात दोन तांबे पाणी ओतलं. वजन वाढलं होतं, तरी जहाज झुकलं ते उठलंच नाही. पाणी आधीच खालच्या बाजूला जाऊन बसलं होतं.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "संग्रामपूरचं वळन."

सात वाजता सुचिताचा फोन आला. त्याने गाडी विकत घेणाऱ्यासारखी चौकशी सुरू केली.

"तळाले वजन हाये?"

"हाये बाबा. जाम बसवलेलं. हलत नाही."

"पान्याच्या टाक्या?"

"आतून पडदे हायेत त्याइले, पानी धावू नये म्हून. एक टाकी संपवूनच दुसरी उघडतेत."

"वारा चढला मंग?"

"चढायच्या आधीच शिडं कमी करा लागते. उशीर केला तं धोका. अन् झुकलेल्या जहाजाचं वरचं दार उघडं राह्यलं तरी धोका. पानी आत घुसते."

"दार कोन लावते?"

"माही पाळी असली तं मी."

त्याने विचारायचं ठरवलेलं सगळं विचारून झालं होतं.

कोकिळाबाईंनी फोन ओढून घेतला. "सुचू, जहाजाचं नुसतं निमित्त हाये. सात महिने तुह्या फोनाचा भरोसा नाही, म्हून तुह्या बापाचा जीव तुटून राह्यला. ते सांगाले त्याइची जीभ उचलत नाही."

"बाबा?"

"हाव," तो म्हणाला. रोज सातला तो चहाचा कप हातात घेऊन बसतो, आणि फोन पाच मिनिटं उशिरा आला तरी चहा थंड होऊ देतो, हे तिला माहीत नव्हतं. त्याने आजही सांगितलं नाही. "तुह्यावाचून घर लय मोठं वाटते, बाई."

तिने विचारलं, "मंग नको देऊ कागद?"

"दे. पन तुही पाळी असली का दार सोता लाव. दुसऱ्यानं लावलं असंन, असं समजू नको."

"हाव बाबा."

फोन ठेवल्यावर त्याने हौदातून डबा काढला, हौद घासला आणि म्हशीसाठी भरला.

सुचिता उद्या सकाळी नऊ वाजता कागद देईल. त्या वेळी तुळशीराम दुसऱ्या खेपेला असेल. ती खेप पावणेनऊला सुटते, टाकी काठोकाठ भरून.